रविवारचं गाव : सायप्रसमधल्या कोर्माकितिसचं प्रकरण

रविवारी सकाळी दक्षिण निकोसियातून निघालेल्या काही गाड्या आगिओस दोमेतिओसच्या नाक्यावर, सायप्रसचे दक्षिण आणि उत्तर असे दोन भाग करणाऱ्या रेषेवर, रांगेत उभ्या राहतात. ओळखपत्रं खिडकीतून आत जातात, बाहेर येतात. अलीकडचा गाडीचा विमा पलीकडे चालत नाही, म्हणून ज्यांच्याकडे पलीकडचा विमा नसतो ते तिथेच पैसे भरून तो काढतात. मग पश्चिमेकडे मोर्फूच्या बाजूने, मिर्तू गावावरून रस्ता जातो आणि शेवटी एक पाटी येते. पाटीवर तुर्की नाव असतं 'कोरुचाम'. गाडीतले लोक मात्र आपसात ग्रीक बोलताना त्याच गावाला कोर्माकितिस म्हणतात. मागच्या सीटवर आजी बसलेली असेल तर तिच्या तोंडी तिसरंच नाव येतं, 'कुर्माजीत'.

गाव सायप्रस बेटाच्या वायव्य टोकाजवळ आहे. जवळच्या भूशिराला गावाचंच नाव आहे, पुढे समुद्र आणि समुद्रापलीकडे तुर्कस्तान. मधोमध संत जॉर्जचं मोठं चर्च. रविवारची प्रार्थना आटोपली की लोक कॉफीच्या दुकानासमोर खुर्च्या ओढून बसतात आणि दुपारी खानावळींत क्लेफ्तिको खातात. या पदार्थाचं तंत्र सोपं आहे, वेळ मात्र भरपूर लागतो. मातीची घुमटाकार भट्टी लाकडं पेटवून आधी चांगली तापवतात, मेंढीच्या मांसाचे मोठे तुकडे मिठाशिवाय फारसं काही न लावता आत ठेवतात आणि भट्टीचं तोंड ओल्या मातीने लिंपून बंद करतात. काही तासांनी माती फोडली की मांस हाडापासून आपोआप सुटून येतं. नावाचा संबंध चोराशी आहे. चोरलेलं जनावर धूर दिसू नये, वास सुटू नये म्हणून असं बुजवून शिजवत, अशी त्यामागची कथा सांगतात.

संध्याकाळी गाड्या परत निघतात. दुसऱ्या दिवशी शाळा असते, नोकरी असते, आणि ते दोन्ही नाक्याच्या त्या बाजूला आहे.

गाव जिवंत आहे की नाही हे ठरवायचं तर माणसं मंगळवारी रात्री मोजावीत, रविवारी दुपारी नव्हे. रविवारी इथे काही शे माणसं सहज दिसतात. कायम राहणारे त्यांच्या एका लहानशा हिश्शाइतके, आणि त्यांतले बरेचसे म्हातारे. १९६० च्या सुमाराला याच गावात अकराशेच्या आसपास माणसं राहत होती आणि ती आठवड्याचे सातही दिवस इथेच असत.

हे प्रकरण मी मुद्दाम निवडलं. भूमध्य समुद्रातल्या बेटांवरची ओस पडणारी गावं म्हटलं की सगळ्यांना सिसिली आणि सार्डिनिया आठवतात, तिथली एका युरोला विकायला काढलेली घरं आठवतात. त्या गावांचं दुखणं ओळखीचं आहे. शेती परवडत नाही, तरुण मुलं मिलानला नाहीतर जर्मनीला जातात, मागे बंद दारं राहतात. कोर्माकितिसच्या माणसांना मात्र कामाच्या शोधात परदेश गाठावा लागला नव्हता. बहुतेक जण जेमतेम तासाभराच्या अंतरावर, निकोसियात आहेत. त्यांना गावाचं प्रेम आहे, हातात पैसा आहे, डोक्यावर छप्पर घालायची ऐपत आहे. तरी गाव आटलं. ते का, हा या प्रकरणाचा विषय.

कौर आलं नाही

कोर्माकितिसचे लोक मॅरोनाइट ख्रिस्ती. संत मॅरोन या सीरियातल्या तपस्व्याचं नाव लावणारा आणि रोमच्या पोपला मानणारा हा पंथ, त्याचं मूळ घर लेबनॉनचे डोंगर. आठव्या शतकापासून तेराव्यापर्यंत लेबनॉन आणि सीरियाच्या किनाऱ्यावरून यांचे तांडे टप्प्याटप्प्याने सायप्रसला येत राहिले. ११९२ मध्ये बेट क्रुसेडर लुसिन्यां घराण्याच्या हाती गेलं, तेव्हा त्यात आणखी भर पडली. गावाच्या नावामागे लोकांनी जपलेली एक व्युत्पत्ती आहे. उत्तर लेबनॉनमध्ये कौर नावाचं गाव आहे. तिथून आलेले लोक नव्या जागी बसून हळहळले, 'आम्ही आलो, पण कौर आलं नाही.' त्यातल्या 'कौर मा जीत' या शब्दांचं झालं कुर्माजीत. भाषाशास्त्रज्ञ अशा व्युत्पत्तींवर सहसा विश्वास ठेवत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या गावाच्या नावातच मागे राहिलेल्या गावाची आठवण आहे, असं मानणाऱ्या लोकांच्या नशिबी पुढे काय आलं हे पाहता ही कथा डोक्यातून जात नाही.

एके काळी बेटावर मॅरोनाइटांची साठ गावं होती असं सांगितलं जातं. १५७१ मध्ये ऑटोमन तुर्कांनी बेट जिंकलं. १५९६ मध्ये पोपचा दूत म्हणून आलेल्या जिरोलामो दांदिनी याने गावं मोजली तेव्हा ती १९ भरली. त्यानंतरही गळती चालूच राहिली. कुणी लेबनॉनला परत गेलं, कुणी ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मिसळून गेलं, कुणी मुसलमान झालं. विसाव्या शतकात उरली चार. कोर्माकितिस, आसोमातोस, कार्पाशा आणि आयिया मारिना. चारही बेटाच्या उत्तर भागात, आणि पुढे जे घडलं त्यात हा भूगोल निर्णायक ठरला.

या चौघांत कोर्माकितिसचं एक वेगळेपण होतं. बाकीच्या गावांतले मॅरोनाइट केव्हाच ग्रीक बोलू लागले होते. इथे मात्र घरात अरबी टिकली होती. आडबाजूचं गाव, लग्नं बहुतेक गावातल्या गावात, पोटापुरती शेती आणि मेंढ्या-बकऱ्या. बाहेरच्यांशी ग्रीकमध्ये बोलायचं आणि उंबऱ्याच्या आत आपली बोली, अशी विभागणी शेकडो वर्षं चालली. बोलीला वेगळं नावही नव्हतं. ती 'सन्ना', म्हणजे 'आपली भाषा'. अरबीतल्या 'लिसान', म्हणजे जीभ, या शब्दाला 'ना', म्हणजे आमची, जोडून आणि सुरुवातीचं अक्षर गिळून तो शब्द झाला आहे.

धर्म मोजला, भाषा राहिली

१९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झालं. राज्यघटनेने नागरिकांच्या दोन जमाती मानल्या, ग्रीक आणि तुर्की. या दोन्हींत न बसणारे आर्मेनियन, मॅरोनाइट आणि लॅटिन कॅथलिक हे 'धार्मिक गट' ठरले आणि त्यांना सांगण्यात आलं की दोनपैकी एक जमात निवडा. १३ नोव्हेंबर १९६० रोजी तिन्ही गटांनी ग्रीक जमात निवडली. संसदेत त्यांचा एकेक प्रतिनिधी असतो, बोलू शकतो, पण मत देऊ शकत नाही.

माझ्या मते गावाच्या पुढच्या इतिहासातला अर्धा घोळ या एका व्याख्येत आहे. राज्याने या माणसांची नोंद धर्मावरून केली. धर्माची सोय केली की त्यांचं सगळं झालं, असं समजलं गेलं. आर्मेनियन लोकांची भाषा लिहिली जात होती, त्यांच्या शाळा होत्या, म्हणून त्यांची भाषा दिसली. सन्ना कुठेच लिहिलेली नव्हती. चर्चची भाषा सिरियाक, त्याच्या जोडीला अरबी आणि ग्रीक. शाळा ग्रीक. सरकारी कागद ग्रीक. सन्नाच्या वाट्याला स्वयंपाकघर, शेत आणि कॉफीचं दुकान एवढंच होतं. जोवर गाव जागेवर होतं तोवर तेवढं पुरत होतं.

१९७४

१५ जुलै १९७४ ला अथेन्समधल्या लष्करशहांच्या पाठिंब्याने निकोसियात सत्तापालट झाला. पाचच दिवसांनी तुर्कस्तानचं सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरलं आणि ऑगस्टच्या मध्यावर दुसऱ्या चढाईत त्याने बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग ताब्यात घेतला. मधून एक रेषा गेली. रेषेच्या उत्तरेकडचे ग्रीक दक्षिणेला गेले किंवा घालवले गेले, दक्षिणेकडचे तुर्क पुढच्या वर्षभरात उत्तरेला गेले. त्या दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे सेनापती होते भारताचे लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद. त्याआधी जनरल थिमय्या याच पदावर असताना १९६५ च्या डिसेंबरात सायप्रसमध्येच वारले होते. आपल्याकडे हे फारसं कुणाला आठवत नाही, पण त्या बेटाच्या भांडणात मध्ये उभं राहण्याचं काम भारतीय अधिकाऱ्यांनी बरंच केलं आहे.

मॅरोनाइट या भांडणात कुणाचेच शत्रू नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर ग्रीकांइतका दाब आला नाही. पण शेत, घर, शेजार सगळं सैन्याच्या ताब्यातल्या मुलखात. तरुण कुटुंबं दक्षिणेला निघून गेली. आयिया मारिनात लष्कराची छावणी पडली आणि गावकऱ्यांपैकी तिथे कुणी उरलं नाही. आसोमातोसमध्येही सैन्य आलं, मागे मूठभर म्हातारे राहिले. कार्पाशात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी घरं. त्यातल्या त्यात मोठा जमाव राहिला तो कोर्माकितिसमध्ये.

ऑगस्ट १९७५ मध्ये व्हिएन्नात झालेल्या तिसऱ्या फेरीच्या करारात असं ठरलं होतं की उत्तरेत राहू इच्छिणाऱ्यांना राहता येईल, त्यांना शिक्षण, औषधपाणी, धर्म पाळण्याची मोकळीक मिळेल. कागदावर हे सगळं आहे. प्रत्यक्षात संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या ठरलेल्या दिवशी रेषा ओलांडून या गावांना शिधा आणि गरजेच्या वस्तू पोचवत राहिल्या. दक्षिणेतलं सायप्रस सरकार तिथे राहिलेल्यांना दरमहा भत्ता देत आलं. म्हणजे गाव उपाशी मेलं नाही. उलट त्याला दोन्ही बाजूंनी काही ना काही मिळत राहिलं.

गावाला संपवलं ते शाळेने, आणि तेही वाईट हेतूने नाही. गावात प्राथमिक शाळा होती. पुढचं शिक्षण ग्रीक माध्यमात घ्यायचं तर दक्षिणेला जायला हवं. म्हणजे मूल अकरा-बारा वर्षांचं झालं की घरात एकच प्रश्न उभा राहायचा. मुलाला एकट्याने नातेवाइकांकडे निकोसियात ठेवायचं की सगळ्यांनीच जायचं? आणि एकदा गेलं की त्या काळात पुन्हा कायमचं परतणं सोपं नव्हतं, साध्या भेटीलासुद्धा परवाना लागायचा. दरवर्षी काही घरं हा हिशेब करून निघून गेली. उरलेल्या घरांत लहान मूल नसायचं. शेवटी विसावं शतक संपत आलं तेव्हा प्राथमिक शाळेतही मुलं उरली नाहीत आणि ती बंद झाली. खेड्यातली शाळा बंद होणं हे ऱ्हासाचं लक्षण मानतात. इथे क्रम उलटा होता. वरची शाळा नव्हती म्हणून गाव गेलं, आणि गाव गेलं म्हणून खालचीही शाळा गेली.

२३ एप्रिल

२३ एप्रिल २००३ रोजी उत्तरेच्या तुर्की सायप्रसी प्रशासनाने अचानक नाके उघडले. जवळजवळ तीस वर्षांनी माणसं ओळखपत्र दाखवून इकडून तिकडे जाऊ लागली. कॅलेंडरमध्ये २३ एप्रिल हा संत जॉर्जचा दिवस, म्हणजे कोर्माकितिसच्या चर्चचा सण. हा निव्वळ योगायोग, पण गावकऱ्यांना तो न जाणवता कसा राहील?

यानंतर गावाचा चेहरा बदलला. ज्यांची घरं पडायला आली होती त्यांनी ती दुरुस्त केली. छपरं बदलली, खिडक्या रंगवल्या, अंगणात लिंबाची झाडं लावली. शनिवार-रविवार, नाताळ, ईस्टर, सणाचा आठवडा, उन्हाळ्याची सुट्टी असं येणं-जाणं सुरू झालं. खानावळी चालू लागल्या, पर्यटकही येऊ लागले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की गाव पुन्हा उभं राहतंय.

जुलै २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रां-मोंतानाची एकीकरणाची बोलणी फिस्कटल्यानंतर लगेचच उत्तरेकडून घोषणा झाली की मॅरोनाइटांना आपापल्या गावी कायमचं परत येऊन राहता येईल. वर्तमानपत्रांत मोठी बातमी झाली. लष्करी छावणी असलेल्या गावांसाठी ती घोषणा कागदावरची होती, कारण छावणी हलल्याशिवाय राहायचं कुठे? कोर्माकितिसला मात्र तात्त्विकदृष्ट्या दार उघडं होतं.

तरी लोक मोठ्या संख्येने आले नाहीत, आणि यात त्यांच्या गावप्रेमाला दोष देणं मला पटत नाही. निकोसियात राहणाऱ्या पस्तिशीतल्या जोडप्याच्या जागी बसून पाहा. नोकरी युरोत, गावातला खर्च तुर्की लिऱ्यात. मुलांची शाळा रेषेच्या पलीकडे. रोज सकाळी नाक्यावर रांग, रोज संध्याकाळी नाक्यावर रांग, आणि राजकारण बिघडलं तर एखाद्या दिवशी नाका बंद होण्याची धास्ती. शेतजमिनीच्या मालकीचा तिढा सुटलेला नाही. आजारी पडलं तर कुठल्या बाजूच्या दवाखान्यात जायचं हा प्रश्न वेगळाच. घराची डागडुजी एका उन्हाळ्यात होते. बाकी काहीच त्यांच्या हातात नाही. म्हणून ते जे करू शकतात ते करतात. शनिवारी येतात, रविवारी जातात.

या गावाबद्दल उत्साहाने लिहिणारे सहसा इथेच थांबतात आणि 'पुनरुज्जीवन' हा शब्द वापरून मोकळे होतात. माझा त्याला आक्षेप आहे. रविवारचं गाव म्हणजे एकत्र येण्याची जागा, त्याला स्वतःची किंमत आहेच. पण त्याला गाव म्हणत राहिलं की मंगळवारच्या माणसांचा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

एका शब्दाचा प्रवास

आता भाषेकडे. या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग हाच.

सन्नात घराला म्हणतात 'पैत'. अरबीत हा शब्द 'बैत'. सन्नात 'ब' चा 'प' झाला आहे. मुलगी 'बिंत' नाही, 'पिंत'. आता अनेकवचन पाहा. अरबीत घरं म्हणजे 'बुयूत'. सन्नात ती होतात 'प्क्यूत'. मध्ये हा 'क' कुठून आला? सायप्रसच्या ग्रीक बोलीत व्यंजनापुढे 'य' आला की तिथे 'क' चा असाच अडसर तयार होतो. हीच सवय शेजारच्या अरबीला लागली. म्हणजे एका शब्दात लेबनॉनहून आलेली घरं आहेत आणि सायप्रसच्या ग्रीक शेजाऱ्याची जीभही आहे. शेकडो वर्षं शेजारी राहिल्याचा असा पुरावा कुठल्या दफ्तरात सापडणार नाही.

त्यात अरामाइक या जुन्या सेमिटिक भाषेचे अवशेष आहेत आणि उसन्या ग्रीक शब्दांचा तर पूर आहे. बैरूतचा माणूस ऐकून गोंधळतो, त्याला अर्धवट कळतं. ही भाषा मोठ्या अरब जगापासून आठ-नऊशे वर्षं वेगळी वाढली, त्यामुळे तिने जुनं बरंच जपून ठेवलं आणि नवं स्वतःच्या मर्जीने घेतलं. भाषेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्ग यांनी कित्येक वर्षं गावातल्या लोकांकडून ऐकून तिचं व्याकरण आणि शब्दसंग्रह तयार केला. बोर्ग माल्टी भाषेचेही अभ्यासक. माल्टी हीसुद्धा भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर रोमन लिपीत लिहिली जाणारी अरबी कुळातली भाषा, आणि ती आज युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. दोन चुलत बहिणी. एकीच्या मागे स्वतंत्र देश उभा राहिला, दुसरीच्या मागे एक गाव, आणि तेही रेषेपलीकडचं.

२००७ च्या सुमारास बोर्ग यांनी सन्नासाठी रोमन अक्षरांवर आधारलेली २७ अक्षरांची वर्णमाला बसवली. राज्याला भाषा दिसायला मात्र बराच वेळ लागला. प्रादेशिक आणि अल्पसंख्य भाषांसाठीचा युरोपीय जाहीरनामा सायप्रसने २००२ मध्ये मान्य केला तेव्हा त्याखाली फक्त आर्मेनियन भाषेची नोंद केली. सन्नाची नोंद झाली २००८ मध्ये, आणि तीही युरोपीय परिषदेच्या तज्ज्ञांनी वारंवार विचारणा केल्यावर. त्याआधी ती बोली आहे, भाषा नाही, असं म्हणून विषय टाळता येत होता. १९६० च्या व्याख्येचं ओझं असं ४८ वर्षं वाहिलं गेलं. तोपर्यंत युनेस्कोने तिला गंभीर धोक्यातल्या भाषांत टाकलं होतं.

बोलणाऱ्यांचा आकडा साधारण ९०० असा दिला जातो. पण हा आकडा वयाशिवाय वाचला तर फसवा आहे. सहज, न अडखळता बोलणारे बहुतेक जण पन्नाशी-साठीच्या पुढचे, गाव भरलेलं असताना तिथे वाढलेले. त्यांच्या मुलांना कळतं, पण उत्तर ग्रीकमध्ये येतं. नातवंडांना काही शब्द येतात. शिव्या, खाण्याच्या वस्तू, 'इकडे ये', 'गप्प बस'. निकोसियात आल्यावर लग्नं बाहेर होऊ लागली, नवरा किंवा बायको ग्रीक, आणि त्या घरात सन्ना बोलायला समोरचं माणूसच नाही. भाषा मेली ती बंदीने नव्हे, बिऱ्हाड बदलल्याने. बेटाच्या उत्तरेत सैन्य असताना गावातले म्हातारे सन्नात बोलतच होते, आणि दक्षिणेत कुणीही मनाई केली नसताना ती दुसऱ्या पिढीत ओसरली.

काय करून पाहिलं गेलं

प्रयत्न झाले नाहीत असं म्हणता येणार नाही. १९८८ पासून मॅरोनाइटांचा आर्चबिशप निकोसियात बसतो. त्याआधी तो लेबनॉनमध्ये राहून कारभार पाहायचा. निकोसियाच्या अँथुपोली उपनगरात संत मॅरोनच्या नावाची प्राथमिक शाळा आहे, तिथे समाजाची मुलं एकत्र येतात आणि सन्ना शिकवण्याचे प्रयत्न होतात. 'ख्की फी सन्ना', म्हणजे 'आपल्या भाषेत बोल', या नावाची संस्था आहे. उन्हाळ्यात मुलांना गावात नेऊन शिबिर घेतात. त्या दिवसांत मुलं गावातच झोपतात, म्हाताऱ्यांशी बोलतात, गाणी म्हणतात, खेळतात.

यातलं सगळ्यात उपयोगाचं मला शिबिर वाटतं, आणि तेच सगळ्यात अपुरंही आहे. वर्णमालेमुळे भाषा कागदावर आली आणि सरकारी मान्यतेमुळे थोडा निधी आला, हे चांगलंच. पण सन्नाला कधीच कागदाची सवय नव्हती. ती वर्गात शिकवायची भाषा नव्हती, ती मेंढ्या हाकताना आणि पीठ मळताना तोंडी येणारी होती. तिला वर्गात आणलं की ती परीक्षेच्या विषयासारखी होते आणि मुलं तिच्याशी तसंच वागतात. शिबिरात निदान आजी समोर असते आणि तिला ग्रीकपेक्षा सन्नात चिडणं सोपं जातं.

ज्यावर कुणी गंभीरपणे काम केलेलं दिसत नाही ती गोष्ट म्हणजे मंगळवार. पंधरा-वीस कुटुंबं लहान मुलांसह गावात कायम राहिली तर काय लागेल? गावात किंवा जवळपास ग्रीक माध्यमाची शाळा, जिच्या दाखल्याला दक्षिणेत मान्यता असेल. उत्तरेत पूर्वेकडच्या रिझोकार्पासो गावात राहिलेल्या ग्रीकांसाठी २००४ मध्ये माध्यमिक शाळा सुरू करू दिली गेली, म्हणजे हे अशक्य कोटीतलं नाही. शिवाय रोजच्या ये-जा करणाऱ्यांसाठी नाक्यावर वेगळी मार्गिका, जमिनीच्या कागदांचा निकाल, आणि एक दवाखाना. या चारपैकी एकही गोष्ट मॅरोनाइट समाज स्वतःच्या ताकदीवर करू शकत नाही. चारही गोष्टी दोन्ही बाजूंच्या प्रशासनांच्या मान्यतेवर अडकलेल्या आहेत, आणि ती प्रशासनं एकमेकांना अधिकृतपणे ओळखतसुद्धा नाहीत. उत्तरेच्या राज्याला तुर्कस्तानशिवाय कुणी मान्यता दिलेली नाही. त्यामुळे त्याच्याशी लेखी करार करणं म्हणजे त्याला मान्य करणं, अशी दक्षिणेची भीती असते. एका खेड्यातल्या शाळेचा प्रश्न अशा रीतीने आंतरराष्ट्रीय कायद्यात जाऊन रुततो.

डिसेंबर २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस सायप्रसला आले तेव्हा निकोसियातल्या मॅरोनाइट कॅथेड्रलमध्ये त्यांची भेट झाली. गावं इकडे, समाज तिकडे, ही वस्तुस्थिती त्या भेटीच्या जागेनेच दाखवून दिली. पोपही रेषेच्या दक्षिणेलाच आले.

उन्हाळ्याचं शिबिर संपतं तेव्हा मुलं बसमध्ये चढतात. शिकलेले शब्द त्यांना पाठ असतात, आणि घराला काय म्हणतात हे बहुतेक जण सांगू शकतात. पैत. अनेकवचन विचारलं की काही जण अडखळतात. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्याने रंगवलेली, कुलूप लावलेली प्क्यूत उभी असतात.